आधी राजीनामा

देऊळगाव राजात 'सिस्टर' या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक नन, आणि दुसरी सुई टोचणारी. या संवादातल्या सिस्टर दुसऱ्या अर्थाच्या, मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. समोर बसलेले गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, बालाजीचे भक्त आणि दहा गुंठ्यांच्या शेडनेटचे मालक. दोघंही मी रचलेली आहेत. त्यांची वाक्यं मात्र या पट्ट्यात कुठल्याही ओसरीवर ऐकू येतील अशी आहेत, आणि ज्या इतिहासावरून ती भांडतात तो रचलेला नाही.

सिस्टरांच्या मंडळीला (मराठी ख्रिस्ती माणसं आपल्या चर्चला मंडळीच म्हणतात) खेड्यातल्या बायकांसाठी एक प्रशिक्षण केंद्र बांधायचं आहे. सल्लागार मंडळात मंडळीबाहेरचा एक तरी माणूस असावा, म्हणून त्या गुरुजींकडे आल्यात. बालाजीची यात्रा नुकतीच उलगलेली. सोयाबीन विकून झालंय, भावाला शिव्या देऊनही झाल्यात.

गुरुजी: सल्लागार मंडळ म्हणता? मग मी आधी राजीनामाच लिहून ठेवतो. रानडे-भांडारकरांचं काय झालं होतं, माहीत आहे ना?

सिस्टर: माहीत आहे, म्हणून तर तुमच्याकडे आले. दुसऱ्या कुणाला ते सांगत बसावं लागलं असतं.

सांगायला हवं, कारण या दोघांच्या भांडणाचा उगम तिथेच आहे. पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. उच्चवर्णीय विधवांनी शिकावं, पोट भरण्याइतकं काहीतरी हातात यावं, हा हेतू. पैसा अमेरिकेतून येत होता. बोस्टनमध्ये 1887 साली स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांची हमी घेतली होती. सदनात कुठलाही धर्म शिकवला जाणार नाही असं ठरलेलं. रमाबाई स्वतः मात्र 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेऊन आलेल्या. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करत, खोलीचं दार उघडं असे, आणि मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने झोड उठवली. 1893 मध्ये न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या.

गुरुजी: दार लोटून घ्यायचं होतं. एवढीशी गोष्ट. शंभर वर्षांचा संशय टळला असता.

सिस्टर: स्वतःच्या खोलीचं दार? तुम्ही सकाळी विष्णुसहस्रनाम म्हणता तेव्हा शेडवरच्या बायका याच ओट्यावर बसलेल्या असतात. तुम्ही घेता का लोटून?

गुरुजी: त्या काही माझ्या आश्रयाला आलेल्या नाहीत.

सिस्टर: रोजाला आलेल्या आहेत.

गुरुजी: रोज आणि आश्रय यांत फरक आहे, सिस्टर. रोज नाही पटला तर बाई दुसऱ्याच्या शेडवर जाते. सदनातली चौदा वर्षांची विधवा कुठे जाणार होती? जिला घरच्यांनी कोपऱ्यात बसवलं, तिला पहिल्यांदा कुणी जवळ घेतलं तर रमाबाईंनी. त्या ज्या खोलीत जातात तिथे ती जाणारच. मी जन्मभर पोरं शिकवली. मास्तरला कविता आवडते म्हटल्यावर वर्गातल्या अर्ध्या पोरांना कविता आवडायला लागते, कुणी सांगत नाही, कुणी मारत नाही. माझी तक्रार जबरदस्तीची नाहीच. जबरदस्ती दिसते तरी. हे दिसत नाही.

गुरुजींचा हा मुद्दा मला आजवर ऐकलेल्या सगळ्या आरोपांपेक्षा वजनदार वाटतो. पैसे देऊन बाटवलं, दुधाची पावडर देऊन बाटवलं, ही नेहमीची भाषा फारशी कामाची नाही. सिस्टरही लगेच उत्तर देत नाहीत.

सिस्टर: माझी पणजी संवत छप्पन्नच्या दुष्काळात सापडली. 1900 साल. सहा-सात वर्षांची असेल. मिशनच्या अनाथालयात वाढली, तिथेच तिला नाव मिळालं. आधीचं नाव तिला शेवटपर्यंत आठवलं नाही. तुम्ही म्हणता ते खरं आहे, तिला कुणी विचारलं नव्हतं. पण तिला विचारायला दुसरंही कुणी आलं नव्हतं, गुरुजी. रस्त्याच्या कडेला पडली होती, आणि रस्त्यानं बरेच लोक जात होते.

गुरुजी: मान्य.

सिस्टर: पूर्ण मान्य नका करू. मलाही कधीकधी त्या नावाची हुरहूर लागते.

थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग गुरुजी हिंगण्याच्या आश्रमाचा विषय काढतात.

गुरुजी: हेच काम आपल्या लोकांनी केलंच की. अण्णासाहेब कर्व्यांनी 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. रमाबाई रानडे आणि देवधरांनी 1909 मध्ये पुण्यात सेवासदन. शिवण, नर्सिंग, सगळं शिकवलं. प्रार्थनेची खोली न ठेवता.

सिस्टर: कर्व्यांची बायको कुठे शिकली?

गुरुजी: शारदा सदनात. माहीत आहे मला. गोदूबाई. 1893 मध्ये लग्न झालं, त्याच वर्षी.

सिस्टर: मग? आमच्या घरातून बाई शिकून गेली, आणि तुमच्या घरात संस्था उभी राहिली.

गुरुजी: त्याचा मी उलटा अर्थ लावतो. पंडिता रमाबाईंवरचा विश्वास उडाला, म्हणून कर्व्यांना वेगळं घर बांधावं लागलं. विश्वास टिकला असता तर एकच मोठं घर झालं असतं.

इथे दोघांचंही खरं असावं. एकाच लग्नाची गोष्ट दोन बाजूंनी सांगता येते. रमाबाईंनी पुढे दौंडजवळ केडगावला मुक्ती सदन उभारलं तेव्हा त्यांनी तटस्थतेचा करार सोडूनच दिला. ते उघडउघड ख्रिस्ती घर होतं. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो बायका-मुली त्यांनी आणल्या. तिथे शेती होती, दूध होतं, तेल काढणं होतं, हातमाग होते आणि छापखाना होता. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्याच छापखान्यात बायकांनी खिळे जुळवून छापलं. ते पूर्ण होऊन बाहेर आलं 1924 मध्ये, रमाबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी. त्या काळी महाराष्ट्रात बाईच्या हाती कंपोझिंगची काडी असलेली दुसरी जागा शोधायला गेलं तर दमछाक होईल.

इकडे जवळचं उदाहरण म्हणजे जालन्याचं. नारायण शेषाद्री, 1843 मध्ये ख्रिस्ती झालेले ब्राह्मण, त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती वसवली. देऊळगाव राजाहून जालना हाकेच्या अंतरावर, पण तेव्हा मध्ये राज्यांची हद्द होती. हा वऱ्हाड इंग्रजांकडे, ते जालना निजामाकडे. आजही इथल्या माणसाला बाजाराला, दवाखान्याला जालना बुलढाण्यापेक्षा जवळचं वाटतं.

गुरुजी: बरं, पैसा कुणाचा? परदेशातून?

सिस्टर: कुठला परदेश? 2020 मध्ये कायदा बदलल्यापासून परदेशी देणगी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेतल्या खात्यात घ्यावी लागते, आणि एका संस्थेला ती दुसऱ्या संस्थेच्या हातावर ठेवता येत नाही. मोठ्या संस्थेकडे पैसे आले तरी आमच्यासारख्या छोट्या मंडळीपर्यंत ते झिरपत नाहीत. आमचा पैसा म्हणजे हंगामाचा सण. कुणी ज्वारी आणतं, कुणी कोंबडी, कुणी भोपळा. उपासना झाली की लिलाव. मागच्या खेपेला एक कोंबडी तीनदा विकली गेली. घेणारा विकत घ्यायचा आणि पुन्हा दान करायचा. कोंबडी वैतागली.

गुरुजी: कोंबडीवर इमारत उभी राहते?

सिस्टर: पाया राहतो. पत्र्याला वर्गणी.

गुरुजी: आणि शिकवणार काय? शिलाई.

सिस्टर: शिलाई, हो. आणखी...

गुरुजी: थांबा. शिलाई ऐकली की माझं डोकं फिरतं. पुढारी असो, बँक असो, सरकार असो नाहीतर तुमचा पाळक, खेड्यातली बाई दिसली की ह्यांना शिलाई मशीनच दिसतं. आमच्या वाडीत किती घरांत मशीन आहे, मोजा. निम्म्यांवर टीव्ही ठेवलाय. एका गावाला ब्लाऊज लागतात किती? अस्तराचा ब्लाऊज, पिको-फॉल, संपलं. तीन बाया शिवत होत्या, त्यांचं बरं चाललं होतं. तुम्ही तीस जणी शिकवल्या की शिलाईचा दर पडला, आणि आधीच्या तिघीही बसल्या.

सिस्टर: शाळेचे गणवेश...

गुरुजी: ते तर बोलूच नका. 'एक राज्य, एक गणवेश' लागू झालं 2024 मध्ये. बचत गटांच्या बायकांना शिवायचं काम. कापड उशिरा, मापं भलतीच, पोरं अर्धं वर्ष जुन्याच कपड्यांत. डिसेंबरात सरकारने निर्णय फिरवला आणि काम परत शाळेच्या समितीकडे. ज्या बायांनी त्या भरवशावर उसनवारीनं मशीन घेतलं असेल, त्यांनी कुणाच्या दारात जायचं?

सिस्टर पिशवीतून वही काढतात आणि 'शिलाई' या शब्दाखाली रेघ मारतात. खोडत नाहीत. नुसती रेघ.

सिस्टर: मग काय शिकवू? तुम्हीच सांगा. सल्लागार आहात ना?

गुरुजी: अजून नाही. माझ्या शेडवर चला एकदा सकाळी.

शेडवर काय दिसतं ते मीच सांगतो, कारण देऊळगाव राजाची खरी कारागिरी तिथे आहे आणि तिला कुणी कारागिरी म्हणत नाही. जालना ही बियाण्यांची पेठ. बद्रीनारायण बारवालेंनी 1964 मध्ये तिथे महिको काढली, आणि मग आजूबाजूच्या तालुक्यांत बीजोत्पादनाचे प्लॉट पसरत गेले. आधी कपाशीचे, मग शेडनेटमध्ये टोमॅटो, मिरची, काकडीचे. संकरित बी हातानंच तयार होतं. टोमॅटोची कळी उमलायच्या आत बाई चिमट्यानं ती उघडते आणि आतला पिवळा नळा अलगद काढून टाकते. मधल्या स्त्रीकेसराला जरा धक्का लागला की कळी वाया. मग बोटातल्या अंगठीत नर झाडाचे पराग घेऊन स्त्रीकेसराचं टोक त्यात बुडवायचं. शेवटी कळीची दोन हिरवी दलं कापायची. फळ पिकून लाल झालं तरी ती कापलेली खूण देठाशी दिसते, आणि खूण असलेलंच फळ बियाण्याला तोडायचं. एक बाई दिवसभर उभ्यानं हे करते, शेकडो कळ्यांवर. कपाशीत आणखी वेगळं. दुपारनंतर अंगठ्याच्या नखानं कळी सोलायची, दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल फिरवायचं आणि दोरा बांधायचा. या सगळ्याला इथे एकच शब्द आहे, क्रॉसिंग.

सिस्टर: मी पाहिलंय. तान्ह्या पोराची शीर शोधतानाचा हात असतो तो. आमच्याकडे तेवढा हात बसायला नर्सला वर्षं लागायची.

गुरुजी: आणि तुमच्या नर्सला सर्टिफिकेट होतं, पगाराची पावती होती. हिला मी रोज देतो. बियाणं कंपनीचा करार माझ्या नावानं, कारण सातबारा माझ्या नावानं. कंपनी नमुना पेरून शुद्धता तपासते. ही चाचणी, म्हणजे जीओटी, पास झाली तर पैसे माझे, फेल झाली तर बुडालो मी. बाई दोन्हीकडे नाही. तिला विचाराल तर तिला हेही माहीत नसतं की तिनं केलेला लॉट पास झाला की नाही.

सिस्टर: मग हेच शिकवू. करार वाचणं, लॉटची वही ठेवणं. रोपवाटिका. दहा जणींचा गट, आणि क्रॉसिंगचा ठेका गटाच्या नावानं.

गुरुजी: (जरा थांबून) ठेका माझ्याकडेच मागायला येतील.

सिस्टर: तुमच्याकडेच येतील.

गुरुजी: रोज वाढवून मागतील.

सिस्टर: मागतीलच. आत्ता किती देता?

गुरुजी आकडा सांगत नाहीत. आतल्या नातवाला हाक मारतात, उगाच. सिस्टर बघत राहतात. मला वाटतं, या बैठकीतली सगळ्यात प्रामाणिक जागा हीच. गुरुजींचा विरोध धर्मावरून सुरू झाला आणि चालत चालत शेडच्या दारात आला. धर्माचा मुद्दा खोटा होता असं नाही. पण मजूर मिळत नाहीत म्हणून रडणारा मालक आणि सल्लागार मंडळावर बसणारा गुरुजी एकाच धोतरात आहेत. त्यात 2024 पासून लाडक्या बहिणीचे पंधराशे खात्यात येतात, तेव्हापासून तर मालकांचा हा सूर आणखी चढलाय.

गुरुजी: आता तुमची पाळी. एवढी वर्षं मिशनमध्ये काढलीत. खरं सांगा, तुमच्या पंच कमिटीला या केंद्रातून काय हवंय?

सिस्टर: दोघांना बायकांची सोय हवीय. एकाला वडिलांच्या नावाची पाटी. एक जण म्हणतो, दिवसाची सुरुवात प्रार्थनेनं व्हावी, त्यात काय वाईट. आणि वर जो अहवाल जातो, त्यात कार्यक्रमाला किती जण आले हे विचारणारा रकाना असतो. तो कशासाठी असतो ते तुम्हालाही कळतं, मलाही.

गुरुजी: मग?

सिस्टर: मग म्हणून तुम्ही हवे. आतली बाई एकटी भांडली की तिला विश्वासात कच्ची म्हणतात. बाहेरचा माणूस विचारतो तेव्हा उत्तर द्यावं लागतं.

गुरुजी: म्हणजे मला पुढे करून तुमचं घरातलं भांडण.

सिस्टर: तुमच्या शेडचं भांडण मी नाही का अंगावर घेणार?

पुढचा अर्धा तास कायद्याचा गेला. गुरुजींनी जातीच्या दाखल्याचा प्रश्न काढला. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्या सवलती जातात. शिखांना त्या 1956 मध्ये मिळाल्या, बौद्धांना 1990 मध्ये, ख्रिस्ती आणि मुसलमानांना आजही नाहीत. उद्या केंद्रात येणाऱ्या बाईविषयी गावात कुणी अफवा उठवली, तर तिच्या पोराच्या शिष्यवृत्तीचं काय, असं गुरुजींचं म्हणणं. सिस्टर फणकारल्या. ती किंमत आमच्या घरात तीन पिढ्या मोजतायत, ती दुसऱ्याच्या गळ्यात घालायला आम्ही वेडे नाही, म्हणाल्या. पण प्रवेशाच्या अर्जात धर्माचा रकाना नको, हे वहीत लिहून घेतलं.

मग गुरुजींनी सरकारी प्रशिक्षणाची बाजू लढवून पाहिली. माविम आहे, उमेद आहे, जिल्ह्याला बँकेची स्वयंरोजगार संस्था आहे, विश्वकर्मा योजना आहे, त्यात मंडळीनं हात का घालावा? सिस्टरांचं उत्तर छोटं होतं. तिथे शिकवतात चांगलं, पण शेवटच्या दिवशी फोटो निघाला की बाईचं त्या इमारतीशी नातं संपतं. त्यांना अशी जागा हवी होती की बाई दोन वर्षांनी कराराचा कागद घेऊन परत येईल आणि विचारेल, यात काय लिहिलंय.

गुरुजी: आणि सकाळच्या बॅचला कुणी येणार नाही. क्रॉसिंगच्या दिवसांत सकाळ त्यांची नसते.

सिस्टर: रात्री घेऊ. दवाखान्यातली माणसं आम्ही, रात्रपाळीची सवय आहे.

गुरुजी: मेहुणा राजाच्या बायका रात्री येतील इथवर?

मेहुणा राजाचं नाव निघालं आणि दोघंही क्षणभर वेगळ्याच वाटेला लागले. याच तालुक्यातलं हे गाव संत चोखोबांचं जन्मगाव मानलं जातं.

सिस्टर: चोखोबांना पंढरपुरात कुठवर जाऊ दिलं, गुरुजी?

गुरुजी: टोमणा कळला. बाहेर ठेवलं, आणि समाधीही महाद्वारासमोर. पण चोखोबांनी देव बदलला नाही.

सिस्टर: माझ्या पणजीनं बदलला. आत कुणी घेतलं, एवढाच फरक.

गुरुजी: आणि आत घेणाऱ्यांनी आपल्यातही किती पंगती मांडल्या, ते तुम्हाला मी सांगू?

सिस्टर: नका सांगू. लग्नाच्या वेळी आमच्यातही पूर्वीची जात विचारतात.

यापुढे त्या विषयावर कुणालाच बोलवेना. गुरुजींनी जामखेडचा विषय काढला, बहुधा सिस्टरांना बरं वाटावं म्हणून. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे, दोघंही ख्रिस्ती. 1970 मध्ये जामखेडला आले. गावांनीच निवडून पाठवलेल्या बायका, त्यांतल्या कित्येक निरक्षर, कित्येक दलित, त्यांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. बाळंतपण, लसीकरण, पोरांचं वजन, सगळं त्या बघायला लागल्या. 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गुरुजींना त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटत होती. बाई कुणी निवडायची हे गावानं ठरवलं.

सिस्टर: आपल्याकडेही तसं करू. गट आपली बाई निवडेल.

गुरुजी: मग ऐका. माझ्या अटी. प्रार्थना करायची तर केंद्राच्या वेळेबाहेर आणि केंद्राच्या छपराबाहेर. पाटीवर कुणाच्याही वडिलांचं नाव नको, माझ्याही नको. पाच वर्षांनी बँकेच्या सह्या बायकांच्या. आणि ठेक्याचा दर ठरवायच्या बैठकीला मी नसेन, कारण मी तिथे मालक आहे.

सिस्टर: पहिली अट कमिटीत अडकेल.

गुरुजी: तीच अट महत्त्वाची आहे.

सिस्टर: माझी खोली असेल तिथे. मी डोळे मिटून बसले, आणि एखादी बाई येऊन शेजारी बसली, तर मी तिला ऊठ म्हणणार नाही. आताच सांगून ठेवते.

गुरुजी: दार लोटा.

सिस्टर: नाही लोटणार.

गुरुजी उठले. बियाणं कंपनीच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं, पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहायला बसले. सल्लागार मंडळाच्या सदस्यत्वाचा राजीनामा, कारण 'केंद्रात धर्मप्रसार होत असल्याचे आढळल्यामुळे'. सही केली आणि कागद सिस्टरांच्या पुढे सरकवला.

गुरुजी: हा वहीत ठेवा. उद्यापासून मी तुमच्या मंडळावर. तारीख तेवढी मोकळी आहे.

सिस्टर: (वाचून) गुरुजी, दुसरा कागद आहे का?

गुरुजी: कशाला?

सिस्टर: हेच पुन्हा लिहा. कारण तेवढं बदला. 'शेडवरचा रोज वाढल्यामुळे'. दोन्ही कागद गटाच्या बायकांकडे देते. कुठला काढायचा आणि तारीख कुठली घालायची, ते त्या बघतील.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला, आणि कॅलेंडरचं आणखी एक पान फाडलं.